बॅटरी गेली की लेक येते

मित्रांनो, भंगाराच्या शेडमध्ये, पत्र्याच्या भिंतीला टेकून एक काळी, जड, एका बाजूने फुगलेली पेटी पडली आहे ना, ती मी. मी एक जुनी बॅटरी आहे. शेजारी ट्रकच्या नि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आहेत. मी समुद्रावर होते असं सांगितलं की त्या फिदीफिदी हसतात. हसोत बापड्या. मला मात्र अजून समुद्राची फार आठवण येते.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, आम्ल भरलं, डोक्यावर वायरी जोडायला दोन खुंट ठेवले आणि तिथून मी थेट एका लहानशा शिडाच्या होडीत आले. होडी वाऱ्यावर चालते, मग तिला बॅटरी कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, डोलकाठीवरचा दिवा, होकायंत्राचा दिवा, रेडिओ, तळातलं पाणी उपसणारा पंप, एवढ्या सगळ्यांची पोटं मीच भरत होते!

होडीच्या मालकांना बंदराचा सगळा धक्का 'कप्तान' म्हणायचा. खरं तर त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. बायको गेल्यावर ते घरापेक्षा होडीतच जास्त रमू लागले. एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची. कप्तानांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालायचे, खुंटांवर साठलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन काढायचे. सुट्टीत लेक यायची तेव्हा आम्ही तिघं दूरवर जायचो. तिघं म्हणजे ती दोघं आणि मी.

मग कामाच्या रगाड्यात तिचं येणं कमी झालं. कप्तान नेमके माझ्या वरच्या बाकावर बसून तिला फोन करायचे.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही, बाबा?"

"मी मजेत."

संपलं बोलणं. त्यानंतर ते कितीतरी वेळ फोन हातात धरून तसेच बसून राहायचे.

एकदा फ्यूज गंजला आणि दिवे मिणमिणू लागले. कप्तान फोनवर सहज तसं बोलले, तर लेक हत्यारांची पिशवी घेऊन हजर! दोन दिवस बापलेक वायरी सोडत, एकमेकांच्या चुका काढत, पोटभर हसत बसले. ती गेली आणि कप्तानांच्या डोक्यात किडा वळवळला.

एके सकाळी त्यांनी बाक उचललं, पाना घेतला आणि माझ्या एका खुंटावर वायर धरून ठेवणाऱ्या चापाचा नट सैल केला. "रागावू नकोस हं," मला म्हणाले आणि फोन लावला, "अगं, आता बॅटरी गेली बघ."

लेक आली, नट आवळला, दोन दिवस राहिली आणि गेली. पुढे हे नेहमीचंच झालं. नाव खराब झालं ते माझं. "नट जरा सैल झाला की मान टाकते, या बॅटरीत आता दम नाही," असं ती म्हणायची, तेव्हा माझं आम्ल नुसतं खवळायचं. पण कप्तानांचा खुललेला चेहरा दिसला की मी गप्प बसायचे.

शेवटी एकदा ती मीटर घेऊनच आली. दोन्ही खुंटांवर मीटर लावून पाहिला. मी काठोकाठ भरलेली. मग तिने सगळे दिवे लावले, मीटरचं एक टोक खुंटावर आणि दुसरं चापावर ठेवलं. वीज तिथेच अडत होती. तिने वाकून नट पाहिला, तर त्यावर पान्याचे ताजे ओरखडे.

"बाबा, हा नट सैल कसा होतो हो सारखा?"

"लाटांनी होडी हलते ना."

"लाटांकडे पाना असतो का?"

कप्तानांचे कान लाल झाले. लेक आधी खूप हसली. मग तिचे डोळे भरून आले. "नुसतं ये म्हणायचंत ना, बाबा."

"तुला कामं असतात."

"मी येत जाईन." तिने नट घट्ट आवळला आणि त्यावर दुसरा नट चढवला. ती अगदी मनापासून बोलली होती. एकदा आलीही. पण पुढे कामं निघत गेली आणि येणं पुन्हा राहून गेलं. चोरी पकडली गेल्यामुळे कप्तानांना पान्याला हात लावायचीही लाज वाटे. होडीतले दिवे लख्ख लागायचे आणि त्या उजेडात ते एकटे बसायचे. मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं, आपण आता खरोखर बंद पडावं.

आणि एका संध्याकाळी मी खरंच बंद पडले. कप्तानांनी बटणं दाबून पाहिली, चाप हलवून पाहिले. सगळं घट्ट होतं. मीच संपले होते. "आता खरं सांगितलं तरी तिला खोटंच वाटणार," ते पुटपुटले. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"काय बाबा, बॅटरी गेली का?" पलीकडून तिने चिडवलं.

माझं नाव आता निघणार म्हणून मी कान टवकारले.

"बॅटरीचं सोड," कप्तान म्हणाले. "मला तुझी फार आठवण येते. येतेस का?"

ती म्हणाली, "उद्याच येते."

ती आली, हत्यारांशिवाय. दिवसभर दोघं गप्पा मारत बसली. अंधार पडल्यावर तिने बटण दाबलं, तेव्हा कुठे मी गेल्याचं तिला कळलं. "खरंच गेली होती? मग बोलला का नाहीत?" असं म्हणत तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला जपून बाहेर काढलं.

मित्रांनो, तुमच्या बॅटऱ्या सांभाळा. त्यांना पाणी घाला, खुंट स्वच्छ ठेवा. आणि घरून कुणाचा फोन आला, की दिवा लागत नाही, नळ गळतोय, पंखा आवाज करतोय, तर काय बिघडलंय ते मागाहून विचारा. आधी एवढंच विचारा, "मी येऊ का?"