तोंडात घालता येईल असं अंगण

आयुष्यभर लोकांच्या घरांतून झुरळं, ढेकूण आणि वाळवी हुसकावून लावणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतःच्या अंगणात एक उपद्रव हौसेने आणून लावला, पाणी घालून पोसला आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवलाही. गल्लीतली मुलं त्यांना फवारेकाका म्हणत. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

उपद्रवाचं नाव पेपरमिंट.

"हा पुदिनाच की," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"पुदिना नव्हे, पेपरमिंट. एवढा साधा फरक कळू नये म्हणजे कमाल आहे."

हा साधा फरक काकांना आदल्या दिवशी कळला होता. पण नव्याने कळलेली गोष्ट जन्मापासून माहीत असल्यासारखी सांगायची त्यांची जुनी खोड होती, आणि ती आपल्याला आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग होत नसे, एवढंच.

हे सगळं सुरू झालं ते नातीमुळे. पोर रांगायला लागली होती आणि दिसेल ती वस्तू थेट तोंडात, या वयात आली होती. चप्पल, किल्ल्या, एकदा तर आजोबांचा चष्मा. लेक तिला घेऊन यायची, तासभर बसायची, पण पोरीला कडेवरून खाली म्हणून ठेवायची नाही. काका हात पुढे करायचे, तर "राहू द्या, झोपेला आलीय," म्हणायची. पोर टक्क जागी असायची. एके दिवशी लेकीने स्पष्टच सांगून टाकलं.

"बाबा, राग मानू नका. पण या घरात तिला खाली सोडायची माझी हिंमत होत नाही. किती वर्षं तुम्ही इथं ती औषधं ठेवलीत, अंगणातच पंप धुतलेत. मला तीन महिन्यांनी कामावर जायचंय. तिला तुमच्याकडे ठेवावं असं फार वाटतं, पण पाळणाघर बघून ठेवलंय मी."

"अगं, काही होत नाही," काका सवयीने बोलून गेले आणि बोलताक्षणीच त्यांनी जीभ चावली.

कारण हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, आणि लेक लहान असताना तिलाही ऐकवलं होतं. तिच्या मांजराच्या बाबतीत. मागच्या दारी उंदरांच्या गोळ्या टाकल्या होत्या आणि मांजराला काही होत नाही म्हणून काकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मांजराला व्हायचं ते झालं. लेक त्यावर कधी भांडली नाही, पण तेव्हापासून बापाच्या या तीन शब्दांवर तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच. काकांना त्या दिवशी फार लागलं. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मग काकांनी कंबर कसली. उरलीसुरली औषधं, पंप, नळ्या, सगळं धंद्यातल्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकलं. अंगणातली वरची माती चांगली हातभर खणून उचलली आणि नवी आणून भरली. पाठ धरली, तरी थांबले नाहीत. आता उघड्या मातीवर काहीतरी हिरवं हवं होतं, असं की नातीने मूठभर उपटून तोंडात कोंबलं तरी कुणाच्या पोटात गोळा येऊ नये.

बागेच्या एका मासिकात त्यांना पेपरमिंट सापडलं. जमिनीवर गालिच्यासारखं पसरतं, पाय पडला तरी मरत नाही, पानं खाता येतात, चहात घालता येतात. कोबीच्या शेजारी लावलं तर पांढरी फुलपाखरं आणि मावा फिरकत नाही. आणि उंदरांना तर त्या वासाचं भयंकर वावडं! हे वाक्य काकांनी काकूंना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. खाली लेखकाने असंही लिहिलं होतं की रोपं मोजकीच लावावीत, बूड काढलेली बादली जमिनीत पुरून तिच्यात लावावीत, नाहीतर मुळं आवरत नाहीत. ते काकांनी मनातल्या मनात वाचलं आणि सोडून दिलं.

त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता: मात्रा कमी पडता कामा नये. डबीवर एक झाकण लिहिलेलं असलं तर दोन टाकायची, कोपरे दाबून घ्यायचे, सांध्यासांध्यात मारायचं. त्याच हिशेबाने त्यांनी पेपरमिंट लावलं. वीतभर अंतरावर एकेक रोप, चारही कोपऱ्यांत दुप्पट, आणि काकूंच्या कोबी-टोमॅटोच्या वाफ्यात तर दाटीवाटीने. वाळवीचा बंदोबस्त करावा तसा त्यांनी हिरवळीचा बंदोबस्त केला.

पेपरमिंटने त्यांना निराश केलं नाही. आधी माती झाकली, मग पायवाट झाकली, मग टोमॅटोच्या गळ्याशी आलं. न्हाणीघराच्या पाइपाशेजारून भिंतीच्या फटीत शिरलं. मासिकातलं एक मात्र तंतोतंत खरं ठरलं, कोबीवर फुलपाखरं आली नाहीत. कोबी त्यांना सापडतच नव्हता.

"तुमचं औषध लागू पडलं हो," काकू म्हणाल्या. "फक्त रोगी गेला."

एरवी अशी वेळ आली असती तर तणनाशकाचा एक फवारा आणि खेळ खलास. आता तो मारायचा नव्हता. मारला तर ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यावरच पाणी पडलं असतं. ज्या माणसाच्या नुसत्या पावलांनी झुरळं मोरीत पळायची, तो माणूस रोज सकाळी गुडघे टेकून हाताने मुळं उपटू लागला. उपटलेल्या मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला की आठवड्यात त्याची चार डोकी वर यायची. काकूंनी पिशव्या भरभरून शेजाऱ्यांना पानं वाटली. सुरुवातीला शेजारी खूश झाले, नंतर काकूंच्या हातात पिशवी दिसली की दारं लावून घेऊ लागले. घरातल्या चहाला, पाण्याला, टॉवेलांना, अगदी काकांच्या स्वप्नांनाही टूथपेस्टचा वास येऊ लागला.

आणि एके दिवशी लेकीचा फोन आला. "रविवारी येते, बाबा. अंगण बघते. पाळणाघरवाल्यांना सोमवारी सांगायचंय."

रविवारी सकाळी काका शेवटचा हात फिरवायला अंगणात गेले, तर पेपरमिंटच्या ऐन मध्यावर एक उंदीर बसला होता. नुसता बसला नव्हता. वासाचं भयंकर वावडं असलेला तो प्राणी एका कोवळ्या शेंड्याखाली मजेत तोंड धूत होता. काकांनी टाळी वाजवली. उंदराने मान वर करून पाहिलं आणि दुसरा कान धुवायला घेतला.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. फवारेकाकांच्या अंगणात उंदीर! कुणी ऐकलं तर धंद्यातले लोक पोट धरधरून हसतील. खिशात फोन होता. जुन्या जोडीदाराला एक हाक मारली की तो दोन गोळ्या घेऊन धावत आला असता आणि लेक यायच्या आत सगळं उरकलं असतं. कुणाला कळलंही नसतं. काकांनी नंबर काढला, अंगठा त्यावर धरला. मग त्यांना वाटलं, कुणाला कळलं नसतं तरी ती पोर इथं रांगताना मी कुठल्या तोंडाने बघत बसणार? त्यांनी फोन खिशात टाकला आणि झाडू आणला. उंदीर पानांखाली गेला. झाडू दमला, काका दमले, उंदीर काही दमला नाही.

एवढ्यात फाटक वाजलं.

लेक आली ती नातीला कडेवर घेऊनच अंगणात उभी राहिली. काका लगबगीने त्या शेंड्याच्या पुढे जाऊन पाय फाकवून उभे राहिले.

"हे बघ, सगळं खाता येतं," ते म्हणाले आणि वाकून मूठभर पानं तोडून तोंडात कोंबली. डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिले. "माती नवीन. खाली काही नाही, वर काही नाही."

"नक्की? कोपऱ्याबिपऱ्यात काही टाकलेलं नाही ना?"

"अजिबात नाही. अगं, काही—" काका अडखळले आणि त्यांनी उरलेलं वाक्य पानांबरोबर गिळून टाकलं. त्यांच्या शब्दाला तिच्यापाशी काय किंमत आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच वेळी उंदीर बाहेर आला. काकांच्या दोन पायांच्या मधून, डाव्या चपलेवरून, कुणाच्या बापाला न घाबरता निघाला आणि दोन पावलांवर थांबून देठ कुरतडू लागला.

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आजच आलाय," ते पुटपुटले. "सकाळीच. खरं सांगतो, याच्या आधी कधी..."

"महिना झाला असेल," काकू दारातून म्हणाल्या. "बायको-पोरांसकट आहे. यांच्या अब्रूचा प्रश्न, म्हणून मी बोलले नाही."

लेक खाली वाकून उंदराकडे बघत राहिली. चांगला गुबगुबीत होता, अंगावर तकाकी होती. काका घाईघाईने सांगत होते की उद्याच जाळीचा पिंजरा आणतो, जिवंत धरून लांब माळावर नेऊन सोडतो, गोळीबिळी काही नाही, पाहिजे तर तू स्वतः पिंजरा लाव. लेकीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"महिनाभर?" ती म्हणाली. "बाबांच्या अंगणात? आणि जिवंत?"

"तेच ना," काका मान खाली घालून म्हणाले. "लाज वाटते."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने उंदराला हुसकावलं, तो पळाला, आणि पायरीजवळच्या हिरवळीवर तिने पोरीला खाली ठेवलं.

पोर क्षणभर बावरली. मग दोन्ही मुठींनी पेपरमिंट उपटलं आणि तोंडात घातलं. तिचं नाक, डोळे, कपाळ सगळं एका जागी गोळा झालं. काकांच्या एवढ्या दिवसांच्या मेहनतीवर तिने लाळेसकट थुंकून टाकलं आणि जीभ बाहेर काढून काहीतरी बरं मिळतंय का म्हणून इकडेतिकडे पाहू लागली. समोर आजोबा उकिडवे बसले होते. तिने त्यांचा हात धरला, ओढला आणि मातीने भरलेला अंगठा सरळ तोंडात घातला.

काका दगडासारखे झाले. ज्या अंगठ्याने पंपाचा खटका दाबण्यात सगळी उमर गेली, तो तिच्या दोन नव्या दातांत होता. त्यांनी भीत भीत लेकीकडे पाहिलं. हात ओढून घ्यायला ती पुढे येईल म्हणून ते थांबले होते. लेकीने ते पाहिलं होतं. तिने खांद्यावरची पिशवी काढून पायरीवर ठेवली आणि चपला काढल्या.

"मला सकाळी लवकर निघावं लागेल, बाबा," ती म्हणाली. "सोमवारपासून आणून सोडू ना हिला?"

काकांनी मान हलवली, अंगठा मात्र हलवला नाही.