विषुवदिनाचा चौदावा फोटो

आमच्या मिनोसावा छायाचित्र मंडळात तेरा माणसं आहेत, आणि त्या वर्षी लिफाफ्यांच्या पेटीतून फोटो निघाले चौदा.

मी दोनदा मोजले. मग कुरोसु मास्तरांना मोजायला लावले, कारण ते चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेत आणि माझ्या मोजण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. चौदाच भरले.

मंडळाचा नियम साधा आहे. वसंतातल्या विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या सुट्टीच्या दिवशी, प्रत्येकाने फक्त एक फोटो काढायचा. दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. डोळा मिटलेला असो की ढग आडवा आलेला, जे येईल ते आपलं. फोटो बिननावाच्या लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचा. रविवारी गावच्या सभागृहात सगळे फोटो लागतात. गावकरी येतात, आवडलेल्या फोटोखालच्या पेल्यात एक अझुकीचा दाणा टाकतात. त्या आठवड्यात घरोघरी पितरांसाठी बोतामोची, म्हणजे पुरणात घोळलेले भाताचे लाडू, वळलेले असतात, त्यामुळे पुरणाची ती लाल कडधान्यं सगळ्यांकडे उरलेली असतात. चार वाजता ज्याने त्याने आपापल्या फोटोशेजारी उभं राहायचं, आणि सर्वांत जास्त दाणे ज्याचे, त्याचा फोटो पुढच्या वर्षीच्या गावच्या कॅलेंडरवर, मार्च महिन्यावर.

अकरा वर्षं मी या मंडळाची प्रमुख आहे आणि अकरा वर्षांत एकदाही मार्च माझा झालेला नाही. लपवण्यात अर्थ नाही, मला तो हवा होता. माझ्या न्हाव्याच्या दुकानात कॅलेंडर तर लावावंच लागतं, आणि दरवर्षी मार्चचा सबंध महिना दुसऱ्या कुणाचा तरी फोटो बघत गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायच्या म्हणजे शिक्षाच. पण त्या वर्षी माझा फोटो खरंच जमला होता. देवळामागच्या उतारावर काताकुरीची जांभळी फुलं, मिटायच्या बेतात आलेली, आणि त्यांच्यावर दोन देवदारांच्या बरोबर मध्ये बुडणारा सूर्य. सूर्य त्या फटीत वर्षातून दोनच दिवस उतरतो, आणि फुलं त्यातल्या एकाच दिवशी असतात.

आता हा चौदावा. त्यात सूर्य नव्हताच. म्हणजे होता, पण सगळ्यांच्या पलीकडे, पायांच्या फटीतून डोकावणारा त्याचा खालचा काठ आणि उजेड. फोटोत पायच पाय होते. कॅमेऱ्यांच्या तिकाट्यांचे पाय आणि माणसांचे पाय, गुडघ्यापर्यंत, पाठमोरे, उजेडाविरुद्ध काळे. बरोबर मधोमध एक बूट, आणि त्या बुटाच्या टाचेखाली अर्धं दबलेलं एक लहानसं पान. उजेड त्या पानातून आरपार आला होता. हिरव्यावर जांभळे डाग, शिरा न् शिरा दिसत होती.

"काढलाय कुणी हा?" मी विचारलं.

"तुम्हीच ओळखा," मास्तर म्हणाले. "तुम्ही तर म्हणता, मानेवरून सगळा गाव ओळखते."

"यात माना कुठेयत, मास्तर? मी केस कापते, नखं नाही कापत."

हसण्यावारी नेलं, पण डोक्यातून जाईना. तो फोटो मी दाराजवळच्या कोपऱ्यात लावला, जिथे लोक बूट काढतात. तिथे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मी काही संत नाही.

रविवारी दहा वाजेपर्यंत त्या कोपऱ्यातच गर्दी झाली. माणसं एक पाय बुटात, एक पाय बाहेर अशी उभी राहून बघायची आणि पेल्यात दाणा टाकायची. अकरा वाजता माझे तीस दाणे, त्याचे बत्तीस.

"मालक उभा राहिला नाही तर फोटो बाद," मी मास्तरांना आठवण करून दिली. "नियम आहे."

"नियम तुम्हीच केलेला आहे," मास्तर म्हणाले. मग चष्मा कपाळावर ढकलून ते फोटोपाशी गेले. "पण मालक सापडेल की. हे बघा, तिकाट्यांच्या सावल्या. सरळ आपल्या अंगावर येतायत, जराही तिरक्या नाहीत. विषुवदिनी सूर्य नेमका पश्चिमेला बुडतो, म्हणजे सावल्या नेमक्या पूर्वेला. काढणारा आपल्या पाठीमागे, सरळ पूर्वेला होता. आणि फार खाली होता. उकिडवा बसलेला."

"आपल्या पाठीमागे तर थडगी आहेत."

"मग थडग्यापाशी उकिडवा बसलेला माणूस शोधा. आणि अजून एक. तुमच्या फोटोत सूर्याचा खालचा काठ फांदीला टेकलाय. यातही टेकलाय. दोन्ही फोटो एकाच मिनिटातले आहेत, मित्सुए-सान."

मला राहवेना. दुपारचं जेवण तसंच ठेवलं, चहाच्या खोलीच्या मागच्या दाराने पायात सपाता अडकवून निघाले आणि देवळामागे गेले. उताराच्या पायथ्याशी दोरी बांधलेली आहे. दोरीच्या वर काताकुरी, खाली पायवाट, पायवाटेला लागून थडगी. विषुवदिनी, मंगळवारी, मी उभी होते ती जागा शोधली आणि पाठ फिरवून सरळ पूर्वेला चालत गेले. सात पावलं. समोर एक जुना दगड, त्याच्यापुढे उदबत्तीची राख, ताटलीत सुकून कडक झालेला बोतामोची. फुलांच्या बादलीत हिरव्या चकचकीत कागदाचा तुकडा होता. स्टेशनवरच्या टपरीत मिळतो ना, पुठ्ठ्याचा, एकदाच वापरायचा कॅमेरा, त्याचं वेष्टन.

दगडावरचं आडनाव वाचायची गरज नव्हती. ते सुमिनो आजींच्या नवऱ्याचं थडगं होतं.

सुमिनो आजी आमच्या सभागृहाची राखण करतात. वय शहात्तर. चहा करतात, फरशी पुसतात, आणि लोक बूट कसेही फेकून आत गेले की एकेक जोड उचलून चवडे दाराकडे करून नीट लावून ठेवतात, म्हणजे निघताना सरळ पाय घालता येतो. मंडळाच्या त्या सभासद नाहीत. मंडळ सुरू झाल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, मीसुद्धा नाही.

मी परत आले तेव्हा त्या किटली भरत होत्या.

"आजी, फोटो तुम्ही काढलात."

"बघ, सापडलं." त्यांनी किटलीचं झाकण लावलं. "मला वाटलेलं, संध्याकाळ होईल तुला."

"मग चार वाजता उभ्या राहणार का?"

"मी कशाला? मी काय मंडळात आहे?"

"अहो, उभं नाही राहिलं तर बाद होईल. सगळ्यांत जास्त दाणे पडतायत त्याला."

"तुला बरंच की मग." हे त्या इतक्या सरळ बोलल्या की मला राग सुद्धा धड येईना. "काढणारा कोण ते शोधलंस. पाय कुणाचा, ते शोधलंस का?"

ते मी शोधलं नव्हतं. खरं सांगायचं तर, त्याची गरजच वाटली नव्हती. कुणाचा तरी असेल. आम्ही तेराही जण दोरी ओलांडून दोन पावलं आत जातो, दरवर्षी. आजी दरवर्षी म्हणतात, दोरीच्या आत पाय नको, आणि आम्ही दरवर्षी म्हणतो, हो हो, फुलांवर नाही देणार. दोरी बाहेरगावच्या लोकांसाठी असते, अशी आमची समजूत. फुलांवर आम्ही पाय देतच नाही.

पण आता ते जाणून घ्यायची खाज सुटली. मी दाराशी गेले. फोटोत टाचेच्या मागच्या शिवणीवर एक ठिगळ होतं, अर्ध्या चंद्रासारखं, वाकडं, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. खाली बूट रांगेने लावलेले, चवडे दाराकडे, टाचा माझ्याकडे. मी वाकून एकेक टाच बघत निघाले. मास्तरांचे बूट पॉलिश केलेले, ठिगळाचं नाव नाही. पोस्टमनचे रबरी. बेकरीवाल्याच्या टाचा एका बाजूला झिजलेल्या, तो चालतोच तसा. पंचवीस-तीस जोड झाले. मला मजा येत होती, माना ओळखाव्यात तशा टाचाही ओळखता येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

रांगेच्या शेवटी अर्धा चंद्र होता. वाकडा, पांढऱ्या दोऱ्याचा.

मी तो बूट उचलला. आत माझ्याच हाताने घातलेला लोकरीचा तळ होता.

दोन वर्षांपूर्वी टाच घासते म्हणून मी ते बूट चांभाराकडे टाकले होते. घासायचं थांबलं, म्हणून मागे काय केलंय ते कधी बघितलं नाही. स्वतःची टाच बघतं कोण? आणि सभागृहात मी बूट काढते ते धावत, मागे वळून न बघता. मागे ते वळवून ठेवतं दुसरंच कुणी.

बूट हातात घेऊन मी तशीच चहाच्या खोलीत गेले. "ते पान कसलं होतं?" मी विचारलं. "फूल तर नव्हतं तिथे. मी बघूनच उभी होते."

"काताकुरीच ती. बी पडल्यावर सात-आठ वर्षं नुसतं एक पान येतं. दरवर्षी एक, जरा मोठं. दोन पानं आली की मग फूल." आजींनी माझ्या हातातल्या बुटाकडे बघितलं. "ते सातव्या वर्षाचं होतं. माझ्या माणसाने त्या कोपऱ्यात शेवटची मूठ पेरली, आणि हिवाळ्यात गेला. मूठभर बियांतलं तेवढं एकच उरलेलं."

अकरा वर्षं मी त्या उतारावर फुलांचे फोटो काढत आले, आणि एकपानी रोप म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. अगदी कानापर्यंत वाटली.

"मला तोंडावर का नाही सांगितलंत?"

"एकोणीस वर्षं सांगतेय की."

चार वाजले. सगळे आपापल्या फोटोशेजारी जाऊन उभे राहिले. मास्तरांनी दाणे मोजले. माझे एकसष्ट, कोपऱ्यातल्याचे चौसष्ट. कोपऱ्यात कुणीच उभं नव्हतं. सगळा गाव तिकडे बघत होता, आणि मास्तर माझ्याकडे.

"मालक नसेल तर नियमाप्रमाणे..." त्यांनी सुरुवात केली.

एक सबंध मार्च महिना माझ्या हातात होता. मी नुसतं गप्प उभं राहायचं होतं. मी चालत कोपऱ्यात गेले आणि चौदाव्या फोटोशेजारी उभी राहिले.

"हा तुमचा?" मास्तरांचा चष्मा खाली आला. "आणि तो पलीकडचा कुणाचा? दोन फोटो काढलेत तुम्ही?"

"फोटो माझा नाही. टाच माझी आहे." मी बूट वर धरून ठिगळ दाखवलं. "फोटो सुमिनो आजींचा. त्यांना उभं राहायचं नाही, म्हणून मी राहिले. बाद करायचा असेल तर माझा करा. तो काढतानाच मी या रोपावर उभी होते."

बेकरीवाला मोठ्याने हसला. "वा! बघा, आमच्या प्रमुख!"

"तू नको हसू," चहाच्या खोलीच्या दारातून आजी म्हणाल्या. "त्या कॅमेऱ्यात सत्तावीस फोटो निघतात. बाकीचे सव्वीस चहाच्या डब्यात आहेत. तुम्हा सगळ्यांचे पाय आहेत त्यात. हिचा तेवढा बरा आला."

बेकरीवाल्याने आपल्या पायांकडे बघितलं. तेराही जणांनी बघितलं, पायात नुसते मोजे असताना.

पुढच्या वर्षी विषुवदिनी सगळ्यांनी बूट दोरीबाहेर ठेवले, आणि आम्ही पायवाटेवर चटया टाकून पालथे पडलो. मी माझा एकुलता फोटो तसाच बाकी ठेवला, सूर्य फटीत बुडून गेला तरी. मला आधी बघायचं होतं.

"आजी, आहे का हो?"

त्या थडग्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी बोट दाखवलं. माझ्या जुन्या जागेवर, वाळक्या पाल्याच्या मधून, एक पान वर आलं होतं. नखाएवढं. गेल्या वर्षीच्या निम्म्यानेही नाही.

"मागे गेलं," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं."

"म्हणजे फुलायला अजून..."

"चार तरी. पाचही लागतील." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठल्या. त्या तेव्हा सत्याहत्तरच्या होत्या. "मी असेन-नसेन. तू बघ."

मी त्या पानावर कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. माझ्या दुकानात आरशाशेजारी आजींच्या फोटोचं मार्चचं पान लागलेलं आहे, आणि गिऱ्हाईक मान खाली घालून विचारतं, मित्सुए-सान, हा पाय कुणाचा हो. मी कात्री थांबवते आणि सांगते.