समुद्राच्या तळाची घोडी

घरात तिला बाळी म्हणत, आणि तिने पन्नाशी गाठली तरी दादाच्या तोंडी तेच होतं. ऑफिसात मात्र ती ताई होती. मोबाइलवरच्या एका खेळासाठी ती प्राणी काढायची. मुलांनी ते गोळा करायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. आगीचे, पाण्याचे, वाऱ्याचे, मातीचे. प्रत्येक प्राण्याचा एक फॉर्म भरावा लागे: प्रकार कोणता, कोणाला हरवतो, कोणत्या कथेवरून सुचला, आणि कोणी निर्माण केला. या शेवटच्या रकान्यातली नावं खेळ संपला की पडद्यावर येत.

समुद्राच्या तळाशी राहणारी, तोंडात आग असलेली एक घोडी होती. तिच्या फॉर्मवर बाळीने कथेच्या रकान्यात नुसती रेघ मारली आणि निर्मात्याच्या जागी दादाचं नाव घातलं. दादाला याचा पत्ताही नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या जागी लॉन्ड्रीत लागला, त्याच्या जिवावर हिचं शिक्षण झालं, आणि त्याचं नाव आजवर हजेरीपटाबाहेर कुठे उमटलं नव्हतं. ते एकदा तरी पडद्यावर दिसावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. फॉर्म त्याच संध्याकाळी बंद होणार होते.

दुपारी नियमवाला तिच्या टेबलाशी आला. खेळाचे नियम तपासणारा हा सहकारी प्रत्येक गोष्टीचा कीस काढणारा, पण मनाने सरळ. आग पाण्याला हरवतेच कशी, यावर तो अडून बसणार अशी तिची खात्री होती, आणि तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. त्याने भलतंच काढलं.

"ताई, ही घोडी जुनी आहे. वडवानल म्हणतात तिला. समुद्राच्या पोटातली आग. ती पाणी पीत राहते म्हणून समुद्र काठ सोडत नाही. दादांचं नाव नाही घालता येणार."

तिचा विश्वासच बसेना. त्याचं कारण चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीचं होतं.

सातव्या वर्षी ती आठ महिने तापाने अंथरुणाला खिळली होती. शर्टांच्या घडीत घालतात ते पुठ्ठे वडील लॉन्ड्रीतून आणत, आणि दोघं भावंडं त्यांवर प्राणी काढत. आगीचा मेंढा, कारण तो अग्नीचं वाहन, आणि मागचापुढचा विचार न करता डोकं घालणं हा आगीचाच स्वभाव. पाण्याची मगर, वरून अगदी साळसूद. वाऱ्याचं हरीण, दिसलं म्हणेपर्यंत पसार. मातीचं कासव, सगळ्यांचा भार पाठीवर घेऊन गप्प बसणारं. ही सगळी माहिती आईची. खेळाचा कायदा एकच: साक्षीशिवाय प्राणी नाही. एखाद्या मोठ्या माणसाने किंवा पुस्तकाने ग्वाही दिली तरच त्याला प्रवेश. दादाने एकदा आठ डोक्यांचा बेडूक घुसवला तेव्हा बाळीने घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हापासूनचा हा कायदा.

तिला आगच हवी असे, लाल पेन्सिल तिची होती ना. मग दादाची मगर मेंढ्याला रोज विझवायची आणि ही रुसून औषधाला तोंड उघडत नसे. एक दिवस दादा ही घोडी घेऊन आला. साक्ष कोणाची, तर म्हणे वाचनालयातल्या काकांची. दादा आणि वाचनालय! पुस्तक नुसतं दिसलं तरी त्याला जांभया येत. शुद्ध थाप आहे हे तिने ओळखलं, पण जिंकायला मिळत होतं, म्हणून अळीमिळी गुपचिळी. आपल्यासाठी दादाने अख्खा प्राणी मनाने रचला, याचं कौतुक तिला जन्मभर पुरलं होतं.

आता नियमवाल्याने पुस्तकच पुढ्यात ठेवलं. घोडी होती, समुद्र होता, आग होती. शेवट मात्र तिने कधी ऐकला नव्हता. युगाच्या अंती ती घोडी बाहेर येते आणि सगळं जग जाळून टाकते.

तिने तिथल्या तिथे दादाला फोन लावला. लॉन्ड्रीत जेवणाची सुट्टी होती, तरी मागे वाफेच्या इस्त्रीचा फुसकारा ऐकू येत होता. तिने विचारल्यावर दादाला रागच आला. आपण तिला खोटं कधी सांगितलं होतं? शाळा सुटल्यावर चार दिवस तो त्या काकांपुढे ठाण मांडून बसला होता, पाण्याला भारी पडणारी आग शोधून द्या म्हणून. काका आधी हसले, मग एकेक पुस्तक काढत गेले. बाळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती त्याला प्रेमाने का होईना, थापाड्या समजत आली होती. नाव येणार नाही हे तिने चाचरत सांगितलं, तर त्याचं त्याला काहीच नव्हतं.

"पण दादा, आपली घोडी दमली की समुद्राच्या कुशीत झोपायची. तो तिला जोजवायचा. ते कुठलं?"

दादा इस्त्रीपासून लांब गेला; मागचा फुसकारा थांबला.

"ते पुस्तकातलं नाही. काकांनी शेवट वाचून दाखवला होता मला. पण तू तेव्हा रोज विचारायचीस, दादा, मी मरणार का. मग तो शेवट तुला कसा सांगणार होतो मी? म्हणून झोपवली तिला."

तिचे डोळे भरून आले. फोन तसाच धरून तिने नियमवाल्याला हे सांगितलं. त्याने पुस्तक मिटलं, फॉर्म उघडला आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. कथेच्या रकान्यात तिने वडवानल लिहिलं. निर्मात्याच्या रकान्यात दादाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं: शेवट यांचा.

"बाळी," फोनवरून दादा विचारत होता, "रडतेस की काय?"

हो, असं तिने सरळ सांगून टाकलं.