आडवा सिग्नल

परिवहन कार्यालयाची नोटीस आली तेव्हा गहिनीनाथला रागाआधी नवल वाटलं. वारंवार सिग्नल तोडल्याबद्दल तुमचं लायसन निलंबित का करू नये, सुनावणीला येऊन सांगा, असं त्यात होतं. पारनेरच्या बाजूचा वाटाणा, टोमॅटो पिकअपमध्ये भरून नगरच्या मार्केटला न्यायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. आजवर साधा ओरखडा नव्हता गाडीला. दंडाचे मेसेज मोबाईलवर येत होते, पण दंड मुलगा आदिनाथ परस्पर भरून टाकायचा. सुप्याच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळताना बापाशी वाद घालायला त्याला सवड नव्हती.

सून धनश्रीने नोटीस दोनदा वाचली.

"आबा, सगळे सिग्नल एकाच चौकातले हायेत. नगरात शिरताना तो नवा बसवलाय ना, तिथले."

"मंग क्यामेराच बिघडला आसंल. मी लाल तोडत न्हाई."

"पन एकाच चौकात का?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यात रुतून बसला. मार्केटपर्यंत आणखी सिग्नल होते, तिथे तो रोज थांबायचा. मग याच चौकाने त्याचं काय घोडं मारलं होतं? सुनावणीआधी तिथे जाऊन क्यामेऱ्याची खोड पकडायची, असं त्याने ठरवलं. साक्षीला धनश्रीला घेतलं आणि दोघं पहिल्या एसटीने निघाले.

चौकात पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. रस्ता मोकळा होता, रोज त्याची गाडी इथून जाते तेव्हा असतो तसा. कोपऱ्यावरच्या टपरीत चहा सांगून गहिनीनाथ सिग्नलकडे बघत उभा राहिला. बाकीचे सिग्नल खांबावर उभे असतात. हा रस्त्यावर आलेल्या लोखंडी हाताला आडवा टांगला होता, तिन्ही दिवे एका रांगेत.

"बग, सुटला," तो म्हणाला. "आता मी निघालो आसतो."

धनश्रीने चहाचा कप खाली घेतला. "आबा, लाल हाय तो."

"चेष्टा करू नको."

"देवाशपथ. लाल हाय."

त्याने डोळे चोळले. एक दिवा पेटलेला दिसत होता, मळकट पिवळा. तो विझला, दुसरा पेटला. तोही त्याला जवळजवळ तसाच वाटला. मग त्याने टपरीवाल्याला विचारलं, दूधवाल्याला थांबवून विचारलं. दोघांनी धनश्रीसारखंच सांगितलं. दूधवाला तर त्याच्याकडे वळून वळून बघत गेला.

"मंग बाकीच्या सिग्नलला कसं कळतं तुमाला?" धनश्रीने हळू आवाजात विचारलं.

गहिनीनाथ विचारात पडला. असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. "वरचा पेटला की थांबायचं. खालचा पेटला की निगायचं."

"आन रंग?"

"रंग कोन बघतंय?"

मग धनश्रीने त्याची परीक्षाच मांडली. तिने टपरीवरच्या डब्याकडे बोट केलं, समोरच्या बाईच्या पातळाकडे केलं. काही त्याने बरोबर सांगितलं, काही भलतंच. निळ्यात तो चुकला नाही. चुकताना त्याला भीती वाटत नव्हती, उलट पुढचं विचार असं तोच म्हणत होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपल्याच डोळ्यांत नवं काही सापडावं, याची त्याला गंमत वाटत होती.

"ह्यात काय आवघड न्हाई," तो शेवटी म्हणाला. "डाव्या टोकाचा पेटला की थांबायचं. एवढं ध्यानात ठेवलं की झालं. सायबाला म्हनायचं, चुकलो. काही म्हैने लायसन ठेवतील, मंग देतील परत."

धनश्रीने चहाचे पैसे दिले आणि दोघं एसटी स्टँडकडे निघाले.

परतीच्या एसटीत मात्र त्याची गंमत ओसरली. त्याला आठवलं, मागच्या उन्हाळ्यात सुप्याजवळ एक ट्रक सळया घेऊन उभा होता. सळया मागे कितीतरी बाहेर आलेल्या, टोकाला फडकं बांधलेलं. पलीकडे हिरवा ऊस होता. गहिनीनाथला ते फडकं अगदी जवळ गेल्यावर दिसलं. ब्रेक दाबला तेव्हा सळईचं टोक काचेपासून वीतभर राहिलं होतं. उतरून त्याने ट्रकवाल्याला शिव्या घातल्या होत्या, आणि तो बिचारा म्हणत होता, "एवढं लालभडक बांधलंय, तरी दिसंना व्हय?"

त्या दिवशी शेजारच्या सीटवर धनश्री होती. दवाखान्यात निघाली होती.

सुनावणीला समोर एक बाई अधिकारी बसल्या होत्या. त्यांनी कागद चाळून विचारलं, "सगळे गुन्हे एकाच चौकातले कसे?"

"म्याडम, मलाबी ह्योच प्रश्न पडला हुता," गहिनीनाथ म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. चौक, दूधवाला, सळया, काहीही मागे ठेवलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बोलला नसतात तर थोडे महिने निलंबन झालं असतं. आता मला तुम्हाला डोळ्यांच्या तपासणीला पाठवावं लागेल. लायसन कायमचं जाऊ शकतं. कळतंय ना?"

"कळतंय. पन आता म्हाईत झालंय. म्हाईत नसल्यावानी गाडी कशी चालवू?"

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखायला लावले. बहुतेक पानांवर त्याला नुसते ठिपकेच दिसले. रंग ओळखण्यातला दोष तीव्र निघाला आणि लायसन रद्द झालं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने पिकअप धुतली, चावी धनश्रीच्या हातात दिली आणि न जेवता झोपला. आठवडाभर तो घरात कुणाशी धड बोलला नाही. धनश्रीने मात्र शिकाऊ लायसन काढलं आणि ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली. घरी अंगणात पिकअपवर सराव करताना ती गिअर टाकायला चुकली की त्याला बोलल्यावाचून राहवेना, तिथून त्याची वाचा परत आली.

पण डॉक्टरांचं एक बोलणं त्याच्या मनातून जाईना. हे बहुधा आईकडून येतं, ते म्हणाले होते, मामालाही असू शकतं. गहिनीनाथची आई आता नव्हती. तिचा भाऊ वाल्मिकमामा सोनईला होता, ऐंशीच्या घरातला. एका सकाळी गहिनीनाथने पिशवीत एक कच्चा आणि एक पिकलेला टोमॅटो टाकला आणि सोनईची एसटी धरली.

मामा ओट्यावर बसला होता. चहापाणी झाल्यावर गहिनीनाथने दोन्ही टोमॅटो त्याच्यासमोर ठेवले.

"मामा, ह्यातला पिकल्याला कोन्ता?"

म्हातारा दोन्हींकडे बघत राहिला. मग त्याने एक उचलून अंगठ्याने दाबला, ठेवला, आणि दुसऱ्याकडे हात नेला.

"दाबू नका," गहिनीनाथ म्हणाला. "नुसतं बगून सांगा."

"बगून?" मामाने भाच्याकडे नवलाने पाहिलं. "आसं बगून कुनाला कळतं व्हय रं?"

गहिनीनाथ त्याच्या शेजारी सरकून बसला आणि म्हणाला, "मामा, लोकांना कळतं."