एक दशांश इंच कमी

मी एक जुनी फळी आहे. सोळा इंच लांब, सोळा इंच रुंद आणि अंगभर पांढरा रंग. मिनेसोटातल्या लार्च क्रीक गावात, आर्डिस ऑसगार्ड यांच्या घरामागच्या अंगणात मी राहते. मित्रांनो, फळीचे कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर आजवर पडलेला सगळा बर्फ एकावर एक रचला, तर तो आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला टेकेल. हे मी फुशारकीने सांगत नाही. आर्डिसच्या वहीत तसे लिहिलेले आहे.

माझा जन्म शाळेच्या मैदानावर झाला. बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचे जुने फळ्यांचे कुंपण मोडले, तेव्हा आर्डिसचा नवरा व्हर्लिन त्यातला एक तुकडा घरी घेऊन आला. त्याने मला कापले, घासले आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. गवतावर बर्फ मोजला तर पात्यांखालची पोकळीही मोजली जाते आणि आकडा फुगतो. म्हणून बर्फ मोजायला माझ्यासारखी सपाट फळी लागते.

तेव्हापासून छत्तीस हिवाळे झाले. रोज सकाळी सात वाजता आर्डिस रात्रीच्या झग्यावर कोट चढवून, पायात मोठे बूट घालून बाहेर येते. पट्टी बर्फात उभी करते, ती माझ्या पाठीला टेकली की वाकून वाचते, वहीत लिहिते आणि मला पुसून स्वच्छ करते. दिवसातून एकदाच पुसायचे, हा तिचा नेम. गावच्या टपालवाल्याने, रोलँड प्रिबिलने, एका वर्षी उत्साहाच्या भरात आपली फळी दर तासाला पुसली आणि पाच इंचांचे नऊ करून दाखवले. दर तासाला पुसले की बर्फाला खाली बसायला वेळच मिळत नाही, मग बेरीज वाढणारच. त्या नऊ इंचांवरून लोक त्याला अजून चिडवतात.

मधली दोन वर्षे मात्र माझे दिवस फिरले. शाळेच्या छपरावर, वरून खालपर्यंतचे अंतर बघून बर्फ मोजणारे यंत्र बसले आणि आर्डिसला वाटले, आता आपले काम संपले. मी गॅरेजात रंगाच्या डब्यांखाली जाऊन पडले. बाहेर बर्फ पडत असे, तो मला नुसता ऐकू येई. खूप वाईट वाटे. पुढे एका सप्टेंबरात, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असताना, यंत्राने नऊ इंच बर्फ नोंदवला. वर जाऊन पाहिले तर यंत्राखाली शाळेचे मांजर ऊन खात बसले होते. दुसऱ्या दिवशी व्हर्लिनने मला बाहेर काढून नवा रंग दिला. त्या मांजराचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्या गावात हवामानाचे वेड घरोघरी आहे. ऑक्टोबर लागला की ल्युएलाच्या हॉटेलात मंडळी जमतात. वर्षातला पहिला पुरा एक इंच बर्फ कोणत्या तारखेला मोजला जाईल, हे प्रत्येकाने लिहून द्यायचे. कुणी कांद्याची साल किती जाड ते बघतो, कुणी केसाळ सुरवंटाच्या अंगावरचा पट्टा, कुणी संगणकावरचे नकाशे. निकाल मी देते, कारण मोजायचे माझ्यावरच. जो जिंकेल त्याच्या घरापुढची गाडीची वाट बाकीच्यांनी हिवाळाभर फावड्याने बर्फ काढून साफ करायची.

गेल्या वर्षीचा खेळ मात्र नुसता खेळ उरला नव्हता. उन्हाळ्यात व्हर्लिनच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी फावड्याला हात लावू नका, असे बजावले होते. आर्डिसचा गुडघा कुरकुरत होता आणि त्यांची वाट चांगली साठ फूट लांब. मुलगी फीनिक्सहून रोज फोन करी, की हिवाळ्यात इकडे या. सकाळी उठून खिडकीतून वाळवंट बघायचे, या विचारानेच व्हर्लिनची भूक जाई. आर्डिसने नऊ नोव्हेंबर ही तारीख दिली होती. ती लागली तर वाट साफ होणार आणि दोघे इथेच राहणार. नाही लागली तर फीनिक्स.

आठ तारखेला संध्याकाळी बर्फ सुरू झाला. माझा आनंद काय सांगू! पहिला बर्फ अंगावर आला की म्हातारपण विसरायला होते. नऊ तारखेला सकाळी सातला आर्डिस आली, तेव्हा अंगणात ल्युएला, रोलँड आणि आणखी पाचजण कॉफीचे थर्मास घेऊन उभे होते. बर्फ थांबला होता. आर्डिसने पट्टी टेकवली आणि वाकून वाचली. तीन ठिकाणी मोजले. तिन्ही ठिकाणी नऊ दशांश इंच.

"चष्मा पुसून बघ," ल्युएला म्हणाली.

रोलँड सरळ पोटावर आडवा झाला आणि त्याने पट्टीला नाक लावले. त्याची तारीख दहा होती.

"एक इंच आहे. पुरा एक," तो म्हणाला. "मी माझ्याच तोंडचा घास सोडतोय, मग खोटं कशाला बोलेन?"

सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने माना डोलावल्या. व्हर्लिननेही डोलावली. मी तर बोलूच शकत नव्हते. खरे सांगते, त्या क्षणी मलाही वाटले, की म्हण बाई एक.

"ऊठ रोलँड, सर्दी होईल," आर्डिस म्हणाली. "नऊ दशांश आहे. व्हर्लिन, आज एक लिहिलं ना, तर उद्यापासून माझा माझ्याच वहीवर विश्वास राहायचा नाही."

"मी काही म्हटलं का?" व्हर्लिन म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला टेबलावर ठेवलेली मोठी बॅग दिसली.

त्या दिवशी पुन्हा बर्फ पडला. दहा तारखेला माझ्यावर पावणेचार इंच भरले. पंधरा वर्षांत प्रथमच रोलँड जिंकला. आर्डिसने त्याला फोन करून अभिनंदन केले. अर्ध्या तासात सातहीजण फावडी घेऊन तिच्याच दारात हजर. रोलँड ल्युएलाच्या हॉटेलावर भाड्याच्या खोलीत राहतो, हे एरवी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"मला वाट नाही, जिना आहे. त्यावरही छप्पर," तो म्हणाला. "पण जिंकलेलं मी सोडणार नाही. यंदा माझी वाट ही."

आर्डिस म्हणाली, नको. आमच्याकडे तीनदा विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. रोलँडने पुन्हा विचारले, ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने विचारले, तेव्हा तिने डोळे पुसले.

"बरं. पण कडेपर्यंत उचला. अर्धवट काम मला चालत नाही."

खिडकीतली बॅग तेवढ्यात नाहीशी झाली. व्हर्लिन दारात उभा राहून फावडे कसे धरावे, ते सगळ्यांना दुपारपर्यंत शिकवत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी फूटपट्टी असेल, तराजू असेल, घड्याळ असेल. त्यांना अडगळीत टाकू नका, पुसून जपून ठेवा. आणि ती जेवढे दाखवतील, तेवढेच लिहा. आर्डिसने त्या सकाळी एक इंच लिहिला असता, तर तिची वाट साफ झालीच असती. पण मग ती तिने खोट्या आकड्यावर घेतलेली असती. आता ती तिला सगळ्यांनी आपणहून दिली होती.