पुसून टाकलेले चट्टे

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत पडदे सदा ओढलेले असत. त्या निळसर अंधारात कॉम्प्युटरसमोर बसून सफाईताई लोकांचे चेहरे स्वच्छ करी. हे नाव तिला मालकांनीच ठेवलं होतं. कुणाचा मुरूम, कुणाचा डाग; माउस फिरला की सगळं नाहीसं. दुपारी तर तिला वाटे, आपण चेहऱ्यांच्या तळ्यात तरंगतो आहोत. मग चहा गार होऊन जाई.

अशा बाईच्याच गालांवर लाल चट्टे उठावेत, याला काय म्हणावं! कधी येत, कधी मावळत. निदान करणाऱ्यांना काय तोटा? मालक म्हणाले, "उष्णता आहे." काउंटरवरची म्हणाली, "पित्त गं, दुसरं काय!" नणंदेने तर हातात ट्यूबच ठेवली. "मी हीच लावते, वहिनी. बघा, गाल कसे लोण्यासारखे होतात!" झालेही. पण ट्यूब थांबवली की चट्टे दुप्पट जोमाने हजर! मग पुन्हा ट्यूब. हळूहळू स्टुडिओत तिचा कप वेगळा ठेवला जाऊ लागला. तिला कळायचं ते कळलं.

एका संध्याकाळी लेक धावत आली, नेहमीसारखी गालाला गाल लावायला. सफाईताईने तिला हातभर दूर धरलं. "नको गं राणी, तुला होईल." त्यानंतर पोर लांबूनच आईकडे बघून परत खेळायला जाऊ लागली. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर त्या दिवशी नेमके गाल शांत.

"चट्टे उठतात तेव्हाचे फोटो आहेत का?"

होते की! तिने फोन पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी फोटो मागेपुढे केले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"अहो, यात तर काहीच नाही!"

सफाईताई गोरीमोरी झाली. सवयीचा हात! फोटो काढले होते, पण स्टुडिओत बसल्या बसल्या तिने तेही साफ करून ठेवले होते.

डॉक्टरीणबाई आधी खो खो हसल्या, मग गंभीर झाल्या. "तुम्ही पुसलंत तेच तर मला बघायचं होतं! हे चट्टे उन्हाने येतात, नव्या साबणाने येतात, एखादं औषध सोसत नाही म्हणून येतात. कुणाची कातडीच चटकन लाल होणारी असते. क्वचित आतलं दुखणंही असतं. सांधे दुखतात? ताप?"

"नाही."

"चेहऱ्याला काय लावता?"

तिने पर्समधून ट्यूब काढली.

"हीच तर गोम आहे! या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते आणि थांबवलं की लाली उसळते. मूळ कारणही झाकलं जातं."

"पण नणंदेला गुण आलाय..."

"त्यांनाही घेऊन या! आणि आता मी सांगते तशीच ही बंद करायची. थोडे दिवस चट्टे वाढतील, घाबरू नका."

उठता उठता सफाईताईने मनातलं विचारलं. "लेकीला लागेल का हो हे?"

"छे! हा लागणारा प्रकार नाही. खुशाल जवळ घ्या."

काही दिवसांत गाल खरंच लालबुंद झाले. तिने फोटो काढून डॉक्टरीणबाईंना जसाच्या तसा पाठवला. मग अंगणाच्या पायरीवर बसून लेकीला हाक मारली. ऊन कलतं होतं, सगळं अंगण स्वप्नात असावं तसं सोनेरी झालं होतं. पोर जवळ येऊन थबकली.

"मला होईल ना?"

"नाही गं. आईचंच चुकलं होतं."

पोरीने आधी बोट लावून पाहिलं, मग हळूच गाल टेकवला. सफाईताईच्या डोळ्यांना धार लागली.

मंडळी, चेहऱ्यावरची लाली कशाची, हे शेजारी, मालक किंवा नणंद सांगू शकत नाही. ती झाकू नका, जाणत्या डॉक्टरला दाखवा. आणि दुसऱ्याच्या गालावर दिसली तर लांब सरकू नका. आपल्या अडाणी भीतीपायी एखादं लेकरू आईच्या मायेला पारखं होतं!