हिचं खरं नाव

आप्पाराव मास्तरांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत सत्यशीलाबाईंच्या सहा भाकरी थापून, भाजून व्हायच्या. चौदा वर्षांचं यंत्र ते, मास्तरांनी निवृत्त होताना हौसेनं घेतलेलं. जरा काम सांगितलं की धापा टाकायचं आणि मधेच मान टाकून मोकळं व्हायचं. पण त्याला अडगळीत टाकायची सोय नव्हती, कारण मास्तरांचा सगळा दिवस त्याच्यावर उभा होता.

केजच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या या माणसाची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली होती. जेवलो की नाही ते ध्यानात राहत नसे. पोटच्या मुलाचा फोन आला तर "कोण बोलतंय?" म्हणून विचारत. आणि बायकोला ते "बाई" म्हणू लागले होते, तेही अगदी अदबीनं. "बाई, तुमी जेवलात का? तुमचं गाव कोणतं?" एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यानं गाव विचारावं! पहिल्यांदा विचारलं तेव्हा सत्यशीलाबाई मोरीत जाऊन रडल्या होत्या. पुढं सवय झाली म्हणायचं, दुसरं काय.

सकाळी दहाला लॅपटॉप उघडला की मात्र मास्तर ताळ्यावर येत. धर्मापुरीच्या देवळाचे शेकडो फोटो त्यांनी काढून ठेवले होते. एकेक मूर्ती दाखवत सांगत सुटायचे, "ही बघा बाई, आरशात बघायली. मान कशी वळवलीय बघा कारागिरानं." तेव्हा शब्द अडत नसत, हात कापत नसत. त्या एका तासापुरता सत्यशीलाबाईंना आपला नवरा परत मिळायचा. तो त्यांना ओळखत नसे, एवढंच.

पण आता फोटोच उघडेनात. म्हणून सत्यशीलाबाईंनी बसस्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या चैतालीला घरी बोलावलं. मास्तरांचीच विद्यार्थिनी ती, आता दोन लेकरांची आई.

"काकू, सिस्टीम लई जुनी झाली. हाय त्याच्यावरच नवी टाकते. फोटोला धक्का लागणार न्हाई."

"टाक, पण हितंच बसून टाक. मागं दुकानात नेलतं तर हे हुडकत निघाले. अंबाजोगाईच्या गाडीत बसलेले घावले."

चैताली बसली. पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलानं चढत राहिले. तीन वेळा चहा झाला. अखेर शंभर भरले, लॅपटॉप झटक्यात चालू झाला, आणि पासवर्ड मागून बसला.

"आजवर तर असलं कायबी मागितलं न्हाई मेल्यानं!" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"आधी न विचारताच उघडायचा. पासवर्ड सरांनीच कधीतरी टाकलेला हाय. सर, काय टाकलाय?"

"कसला पासवर्ड?" मास्तरांनी विचारलं.

चैतालीनं जन्मसाल घालून पाहिलं, मुलाचं नाव घातलं. जमलं नाही. पण खाली एक ओळ उमटली. पुढं विसरलो तर असावी म्हणून मास्तरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण: 'हिचं खरं नाव'.

"मंग काय, सोपंच हाय की!" चैताली हसली आणि तिनं इंग्रजीत सत्यशीला असं टाइप केलं. नाही. पहिलं अक्षर मोठं करून केलं. नाही. मागं बाई लावून पाहिलं. तरी नाही.

तिचा चेहरा उतरला. "काकू, आता दुकानात न्यावंच लागंल. फोटो निघतील, पण तीन दिवस तरी जातील."

सत्यशीलाबाईंची नजर दाराच्या कडीकडं गेली. तीन दिवस या माणसाला कोंडून ठेवायचं?

चैतालीनं जाता जाता म्हणून विचारलं, "सर, तुमच्या मंडळींचं खरं नाव काय हो?"

"मोहिनी," मास्तर म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

चैतालीनं मान खाली घातली. सरांच्या तोंडून भलतंच काही निघालं, आता काकूंकडं बघायचं कसं, असं तिला झालं.

"टाक," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काकू..."

"टाक गं. माझंच हाय ते."

माजलगावला माहेरी एकोणीस वर्षं त्या मोहिनीच होत्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सासूनं ठरवलेलं, आणि मोहिनी तिथंच संपली. आईवडील गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. मास्तर तर कधी नावानं बोलवायचेच नाहीत, नुसतं "अगं". आज ती खूण वाचूनही सत्यशीलाबाईंना स्वतःला ते आठवलं नव्हतं.

लॅपटॉप उघडला. चैतालीनं फोटो भराभर उघडून दाखवले, पिशवी उचलली आणि गेली.

मास्तर फोटोंपुढं बसले. दोन-तीन दाखवून झाल्यावर थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी मोहिनीला वळखता का?"

"वळखते की."

"भेटली तर सांगा तिला. मला नाव बदलायचं नव्हतं तिचं. ताटात लिहिताना हात थांबलाता माझा. पण आईपुढं बोलता आलं न्हाई."

थांबलेला तो हात सत्यशीलाबाईंनी पाहिला होता. चित्रकलेचा मास्तर अक्षर विसरला म्हणून मांडवातल्या बायका हसल्या होत्या. नवरीही हसली होती. एकेचाळीस वर्षं त्यांनी तो किस्सा सगळ्यांना हसत हसतच सांगितला होता.

"सांगाल ना?"

त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मास्तरांचा हात हातात घेतला. "सांगितलं."

"मंग? काय म्हणली?"

"म्हणली, पुढचा फोटो दाखवा."